खाणीच्या ढिगाऱ्यावरचा झाडोरा कसा मोजायचा आणि निकष कसे ठरवायचे

पोळ्याच्या दिवसांत वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर या बाजूने फिरलं की खाणीबाहेर टाकलेल्या मातीचे डोंगर हिरवेगार दिसतात. मी पहिल्यांदा असा डोंगर मोजायला गेलो तो सप्टेंबरच होता. एक मीटरची चौकट कुठेही टाकली तरी माती दिसेना. आम्ही कागदावर लिहून टाकलं, ‘आच्छादन उत्तम’. पुढच्या मे महिन्यात वेगळ्याच कामासाठी त्याच ढिगाऱ्यावर चढलो, तेव्हा तिथे रानतुळशीच्या वाळक्या काड्या होत्या, तरोट्याच्या फुटलेल्या शेंगा होत्या आणि मधली सगळी माती उघडी पडली होती. पायथ्याशी ढोरं घेऊन बसलेले एक काका म्हणाले, “पावसात हिरवं दिसते भाऊ, पन ढोर तोंड नाही लावत त्याले.”

आमचा अहवाल तोवर जमा झाला होता. मोजमापात चूक नव्हती. आम्ही काय मोजायचं हेच ठरवलं नव्हतं, आणि हिरवं दिसलं ते मोजून मोकळे झालो होतो. त्यानंतर अशी बरीच सर्वेक्षणं केली. त्यातून जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतली मुलं, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि रोपवनाच्या कामावर नव्याने लागलेले क्षेत्र सहायक यांना ते उपयोगी पडावं.

१. आधी कागद गोळा करा

जमिनीवर जाण्याआधी त्या जमिनीबद्दल काय कबूल केलेलं आहे ते वाचा. प्रत्येक मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीत अटी असतात. कोळसा खाणींच्या मंजुरीत बहुतेक वेळा ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा आणि हेक्टरी सुमारे २,५०० झाडं असावीत, असं लिहिलेलं सापडतं. हे आकडे पुढे मोजताना कामी येतात.

जवळ असायला हवीत अशी कागदपत्रं:

- पर्यावरण मंजुरीचं पत्र, सगळ्या अटींसह. ते केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर शोधता येतं.
- सहामाही अनुपालन अहवाल. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे.
- खाण बंदीकरण आराखडा. कोळसा मंत्रालयाने २००९ पासून तो बंधनकारक केला आहे. बंदीकरणाच्या खर्चासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत अडकवून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरावे लागतात आणि काम तपासल्यावर ते टप्प्याटप्प्याने परत मिळतात. म्हणजे ‘झाडोरा उभा राहिला’ या एका वाक्याला पैशाची किंमत आहे, हे ध्यानात ठेवून मोजा. मॅंगनीज, चुनखडी, लोहखनिज अशा खाणींचे आराखडे भारतीय खाण ब्युरोकडे असतात. त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे.
- गाव नकाशा आणि त्या गटांचे जुने सातबारे. जमीन आधी वावर होती, गायरान होती की झुडपी जंगल, हे त्यातून कळतं.
- रोपवन नोंदवही: कोणत्या वर्षी, कोणती रोपं, किती, आणि नांग्या किती वेळा भरल्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं किती वेळा लावली.
- गावाची लोक जैवविविधता नोंदवही, असेल तर.

यातलं काही मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जात ‘सर्व माहिती’ मागू नका. खाणीचं नाव, वर्ष आणि कागदाचं नाव लिहून मागा, नाहीतर महिनाभराने ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर हातात पडतं.

एक निकाल मात्र पाठच करा. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज प्रकरणात सांगितलं की खाणकाम संपल्यावर खाणपट्टाधारकाने खाणीच्या जागेवर आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागेवर पुन्हा गवत आणावं, आणि ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीला योग्य करून द्यावी. चारा हा शब्द त्यात आहे. ढोरवाल्या काकांचं म्हणणं आणि न्यायालयाचं म्हणणं एकच होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

२. जमीन कशासाठी परत हवी, ते गावात बसून ठरवा

चराईला, जंगलाला की शेतीला? प्रत्येकाचा निकष निराळा आहे. चराईच्या जमिनीवर हेक्टरी अडीच हजार झाडं दाटीने लावली की तीन-चार वर्षांत सावली पडते आणि खालचं गवत मरतं. अटीतला आकडा पूर्ण होतो, पण ढोरांना घासभर चारा मिळत नाही. शेतीसाठी जमीन परत द्यायची असेल तर झाडं मोजण्यात अर्थच नाही. तिथे त्याच शिवारातल्या धड वावराशी कापूस, सोयाबीन, ज्वारीचं उत्पन्न ताडून पाहायचं.

बैठकीला गुराखी, मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या बाया आणि जमीन गेलेले कास्तकार असलेच पाहिजेत. खाणीआधी तिथे काय उगवत होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ‘इथं आधी काय होतं’ एवढाच प्रश्न विचारा आणि मग गप्प राहून लिहा. आम्हाला एका गावात एका आजींनी नाल्याच्या वळणावरची चारोळीची झाडं मोजून सांगितली होती. ते वळण आता शंभर फूट मातीखाली आहे.

३. तुलनेची जमीन शोधा

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. खाण सुरू होण्याआधीचं सर्वेक्षण असेल तर उत्तमच. बहुतेक वेळा ते नसतं, किंवा असलं तरी त्यात झाडांच्या नावांची यादी असते आणि आकडे नसतात. मग जवळच न खोदलेली अशी जमीन शोधायची जिच्याशी ढिगारा ताडून पाहता येईल.

ती कशी असावी? पाऊस सारखा, म्हणजे शक्यतो दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. उतार आणि उताराची दिशा मिळतीजुळती. दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा उतार आपल्याकडे मे महिन्यात भाजून निघतो, उत्तरेकडचा त्यामानाने ओल धरतो. चराईचा ताणही तोच असावा.

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. एक म्हणजे फारच चांगली जमीन निवडणं. ताडोब्याच्या गाभ्यातलं सागाचं आणि बांबूचं जंगल समोर ठेवून पाच वर्षांच्या ढिगाऱ्याला नापास करणं अन्यायाचं आहे, आणि असा अहवाल कुणी गंभीरपणे घेत नाही. दुसरी चूक जास्त घातक आहे: गावाशेजारचं सगळ्यात उजाड, चरून संपलेलं गायरान निवडणं. त्याच्याशी तुलना केली की काहीही पास होतं. कंपनीच्या किंवा कंत्राटदाराच्या माणसाने तुलनेची जागा दाखवली तर ती जरूर पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका.

मी तीन जागा घेतो: एक बऱ्या अवस्थेतलं झुडपी जंगल, एक मध्यम चराईचं गायरान, आणि एक नाल्याकाठची पट्टी. झुडपी जंगलात आपल्याकडे पळस, बोर, हिवर, खैर, तेंदू, धावडा, मोई, सीताफळ मिळतात. गायरानात मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी. नाल्याकाठी करंज, कहू, शिंदी, उंबर. तिन्ही जागांचे आकडे वेगळे ठेवा आणि ढिगाऱ्याच्या ज्या भागाचा जो उपयोग ठरला असेल त्याच्याशी तोच आकडा लावा. तिन्हींची मिळून सरासरी काढू नका.

तुलनेच्या जमिनीची निवड का केली, हे एका परिच्छेदात लिहून ढिगारा मोजण्याआधीच ग्रामसभेत वाचून दाखवा. निकाल पाहून नंतर जागा बदलल्याचा आरोप मग होत नाही.

४. साहित्य आणि सोबती

साहित्य स्वस्त आहे. पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो यांची चौकट. ५० मीटर नायलॉन दोरी, १६ खुंट्या. ३० मीटरचा टेप आणि झाडाचा घेर घ्यायला शिंप्याचा टेप. खुरपी, विळा, सब्बल. एक लांब सरळ खिळा किंवा सायकलची तार. वाळवायला वर्तमानपत्राचे ताव आणि दोन पुठ्ठे. गवत वजन करायला छोटा काटा. फोनमध्ये जीपीएस आणि उतार मोजायचं ॲप. पेन्सिल घ्या, पेन नको, कारण पावसात शाई पसरते.

माणसं चार हवीत: दोघं दोरी धरायला, एक लिहायला आणि एक झाडं ओळखणारं. हे चौथं माणूस गावातलंच घ्या आणि त्याला इतरांइतकीच मजुरी द्या.

आता सुरक्षेचं. खाणपट्ट्यात लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. स्फोटाची वेळ विचारून घ्या. हेल्मेट आणि बूट घालाच. ढिगाऱ्याच्या माथ्यावर कडेला समांतर भेगा दिसल्या की तिथून मागे फिरा, कारण खालची माती सरकायला लागलेली असते. जमिनीतून धूर किंवा उग्र वास येत असेल तर खाली कोळसा जळतो आहे, वरची माती पोकळ असू शकते. चंद्रपूर भागात वाढलेल्या विलायती बाभळीच्या जाळीत वाघ-बिबट्यांचा वावर असतो. सकाळी ऊन वर आल्यावरच जा, संध्याकाळी लवकर उतरा, एकट्याने कधीही नाही.

५. मोजायची जागा चिठ्ठ्या टाकून निवडा

ढिगाऱ्याच्या नकाशावर समान चौकोन पाडा, त्यांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या करा आणि एखाद्या लहान मुलाकडून काढून घ्या. एवढं साधं काम लोक टाळतात आणि रस्त्याकडेची दाट पट्टी मोजून परत येतात. पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली पट्टी प्रत्येक खाणीवर असते. तिथे पाणी दिलेलं असतं, कुंपण असतं, फलक असतो.

माथा, उतार आणि पायथा यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करा. माथ्यावर डंपरच्या चाकांनी माती दगडासारखी दाबलेली असते, उतारावर ती वाहते, पायथ्याशी साचते. तिन्ही ठिकाणचा झाडोरा निराळा असतो.

चिठ्ठीत आलेली जागा उघडी निघाली, तिथे फक्त दगड असला, तरी तिथेच चौकट टाकायची. ‘इथं काहीच नाही, थोडं पुढे टाकू’ असं सोबती म्हणतीलच. शून्य हाही आकडा आहे, तो लिहा.

६. चौकट टाका, मोजा, लिहा

झाडांसाठी १० मीटर बाय १० मीटर, त्याच्या आत झुडपांसाठी ५ बाय ५, आणि गवतासाठी १ बाय १ च्या चार-पाच चौकटी. १० मीटरचा चौकोन काटकोनात बसला का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा. सपाट जमिनीवर ते १४.१४ मीटर यायला हवेत. उतारावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: नकाशावरचं क्षेत्रफळ आडवं असतं आणि आपला टेप उताराला चिकटून जातो. २८ अंशांच्या उतारावर आडवे १० मीटर मिळायला उताराच्या दिशेने ११.३ मीटर दोरी सोडावी लागते. हे विसरलं तर दर हेक्टरी झाडांची संख्या चुकते.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या. उतारावर उभं राहायचं ते झाडाच्या वरच्या अंगाला. रोपं असतील तर उंची आणि जिवंत की मेलेलं, एवढं पुरे. हेक्टरी २,५०० म्हणजे दोन मीटरवर एक रोप, म्हणजे १० बाय १० च्या चौकटीत २५ रोपं मिळायला हवीत. १५ जिवंत सापडली तर ६० टक्के. हा हिशेब तिथल्या तिथे करता येतो आणि सोबतच्या गावकऱ्यांनाही पटतो.

गवताचं आच्छादन मात्र नजरेने ठरवू नका. एकाला ६० टक्के वाटतं, दुसऱ्याला ८५. त्याऐवजी टेप ३० मीटर ताणा, दर ३० सेंटिमीटरवर तार सरळ खाली सोडा आणि ती कशाला टेकली ते लिहा: बहुवार्षिक गवत, हंगामी गवत, रुंद पानाचं तण, पालापाचोळा, दगड, उघडी माती. शंभर ठिकाणं झाली की मिळालेले आकडे म्हणजेच टक्के. शाळेतली मुलंही हे अचूक करतात.

आपोआप उगवून आलेली रोपं स्वतंत्र रकान्यात लिहा. लावलेलं रोप ओळीत असतं, त्याच्याभोवती आळं किंवा खड्ड्याची खूण असते. मधेच, ओळ सोडून, कडुनिंब, बोर, पळस किंवा खैर उगवलेला दिसला तर माझ्या लेखी तो शंभर लावलेल्या रोपांहून मोठा पुरावा आहे. बी आलं, ते रुजलं आणि एक उन्हाळा काढून जगलं, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक चौकटीत सब्बल मारून पाहा, किती खोल जाते. आणि वर पसरलेली काळी माती खरंच काळी माती आहे का तेही पाहा. कोळशाच्या थरांबरोबर निघणारा कार्बनी शेल, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, काळाच असतो. दुरून फसायला होतं. मूठभर ओला करून बघा. आपल्या वावरातली काळी माती बोटांना चिकटते, तिची गोळी होते, वाळली की भेगाळते. शेलचे पापुद्रे सुटतात, गोळी होत नाही. झाडं का मरतात याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

७. नावं नक्की करा

गावातली नावं जशीच्या तशी लिहून घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. अंजन हा आपल्याकडचा उंच वृक्ष, हार्डविकिया बायनाटा. अंजन हेच नाव सेंक्रस या गवतालाही आहे. यादीत नुसतं ‘अंजन’ लिहिलं आणि सहा महिन्यांनी वाचलं तर काय समजायचं? अर्जुनाला आपल्याकडे कहू म्हणतात. एकच झाड दोन नावांनी दोनदा मोजलं गेल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून शंका आली की फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबा, चौकटीचा क्रमांक टाका आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. गवत फुलोऱ्यावर असतानाच ओळखता येतं, तेही पोळ्यापासून दिवाळीपर्यंत.

यादी झाली की तिचे चार भाग पाडा: इथली बहुवार्षिक गवतं, इथली झाडं-झुडपं, लावलेल्या परक्या जाती, आणि आक्रमक तणं. सुबाभूळ, काशीद, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी तिसऱ्या भागात. गाजर गवत, घाणेरी, रानतुळस, विलायती बाभूळ चौथ्यात. उपग्रहाच्या चित्रात हे चारही भाग हिरवेच दिसतात, म्हणून हा भाग पायानेच करावा लागतो.

८. दोनदा जा

पहिली फेरी दसरा-दिवाळीच्या दरम्यान. गवत फुलोऱ्यावर असतं, जाती ओळखू येतात, आणि चाऱ्याचं वजन घेता येतं. एक चौरस मीटरमधलं गवत जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापा, पूर्ण वाळवा, वजन करा. ग्रॅममधल्या आकड्याला १० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. १८० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १,८०० किलो वाळला चारा. तण वेगळं करून मगच वजन करा.

दुसरी फेरी मे महिन्यात. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा. ही फेरी कुणालाच नको असते, आणि तिच्याशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे. मे महिन्यात गवताचे बुंधे मातीला धरून आहेत का, रोपांच्या खोडावर नखाने खरवडलं तर आत हिरवं दिसतं का, एवढंच पाहायचं. पानं झडलेलं रोप मेलेलं समजू नका. आपल्याकडची कितीतरी झाडं उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. खोड खरवडा, मग लिहा. पहाटे गाडी काढा आणि दहाच्या आत खाली उतरा.

९. चौकटी पुरेशा झाल्या का

दहा चौकटी झाल्या की थांबून हिशेब करा. समजा तुलनेच्या गायरानात आच्छादनाची सरासरी ६० टक्के आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे चौकटींचे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचं माप, १८ आलं. आपल्याला सरासरीत दहा टक्क्यांपेक्षा, म्हणजे ६ पेक्षा जास्त फरक नको, आणि खात्री ९० टक्के हवी. मग १.६४ (९० टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले १८, भागिले ६, येणाऱ्या ४.९२ चा वर्ग: २४.२. म्हणजे २५ चौकटी हव्यात. ढिगाऱ्यावर विचलन जवळजवळ नेहमीच जास्त येतं, तिथे चौकटी वाढतात.

हे का करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. निकष ५४ टक्के, म्हणजे तुलनेच्या ६० चे ९० टक्के, ठरला आणि ढिगाऱ्यावर २५ चौकटींची सरासरी ५६ आली, विचलन १८. पास म्हणायचं का? खरी सरासरी ५० ते ६२ च्या दरम्यान कुठेही असू शकते. मी इथे पास लिहीत नाही. आणखी चौकटी टाकतो किंवा ‘अनिर्णित’ लिहितो. अनिर्णित लिहायला धीर लागतो, कारण समोरच्याला हो किंवा नाही हवं असतं.

१०. निकष लिहून काढा

आपल्याकडच्या अटींत झाडांची संख्या असते, पण ती जगली की नाही, कोणत्या जातीची आहेत, किती वर्षं टिकली, याचे आकडे फारसे नसतात. म्हणून ग्रामसभेने किंवा समितीने आपले निकष लिहून मागणी म्हणून द्यावेत. नमुना म्हणून अमेरिकेचा १९७७ चा कोळसा खाणींचा कायदा पाहण्यासारखा आहे. तो आपल्याला लागू नाही, पण त्यातली शिस्त घ्यावी अशी आहे. तिथल्या नियमांत आच्छादन निकषाच्या ९० टक्के यावं लागतं, तेही ९० टक्के सांख्यिकी खात्रीने. कंपनीची जबाबदारी २६ इंचांहून जास्त पाऊस असलेल्या भागात पाच वर्षं आणि त्याहून कमी असेल तिथे दहा वर्षं चालते. आणि ही वर्षं मोजायला सुरुवात होते ती शेवटचं बी, खत किंवा पाणी दिल्यानंतर. शेवटची अट फार मोलाची आहे. टँकरने जगवलेलं रोप टँकर बंद झाल्यावर जगतं का, हेच तर पाहायचं असतं.

मी चराऊ आणि झुडपी जंगलाच्या जमिनीसाठी साधारण हे निकष सुचवतो. आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, तुमच्या गावाच्या जमिनीप्रमाणे बदला:

- मे महिन्यातलं बहुवार्षिक आच्छादन तुलनेच्या जमिनीच्या ९० टक्के. हंगामी तण त्यात धरायचं नाही.
- तुलनेच्या जमिनीत मिळालेल्या स्थानिक जातींपैकी निम्म्या तरी ढिगाऱ्यावर हव्यात, आणि कोणतीही एक जात एकूण झाडांच्या ४० टक्क्यांहून जास्त नको.
- आक्रमक तणांचा वाटा तुलनेच्या जमिनीपेक्षा जास्त नसावा.
- रोपांच्या जगण्याची टक्केवारी मूळ लागवडीवर काढलेली, आणि किमान दोन उन्हाळे पाहिलेलीच रोपं मोजायची.
- आपोआप आलेली रोपं निम्म्याहून जास्त चौकटींत दिसावीत.
- पाण्याने पडलेली घळ नसावी.
- हे सगळं लागोपाठ दोन वर्षं.

रोपांच्या टक्केवारीवर थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हजार रोपं लावली, चारशे मेली, चारशे नवीन लावली, आणि पाहणीच्या दिवशी ९५० जिवंत दिसली. कागदावर ९५ टक्के. यात खोटं कुणीच बोललेलं नाही, पण त्यातली चारशे रोपं अजून एकही उन्हाळा न पाहिलेली आहेत. नोंदवहीतून नांग्या भरल्याचं वर्ष काढा आणि ती रोपं वेगळी धरा. नोंदवही मिळाली नाही तर उंचीवरून आणि आळ्याच्या ताज्या मातीवरून अंदाज येतो.

निकषात न बसणाऱ्या ढिगाऱ्याबद्दल नुसतं ‘नापास’ लिहून सोडू नका. सब्बल आत गेली नसेल तर माती फोडून घ्या असं लिहा, वर काळी माती पसरलेली नसेल तर ती किती जाडीची हवी ते लिहा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगाव इथल्या मॅंगनीजच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसातून निघणारा गाळ), नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी वापरून झाडं उभी केली आहेत. म्हणजे आपल्याच भागातल्या निकृष्ट मातीवरही हे होतं. गवताचं बी खरेदीने आणण्यापेक्षा तुलनेच्या गायरानातून दिवाळीच्या सुमारास मारवेल आणि शेडा कापून आणून, बियांसकट ढिगाऱ्यावर पसरवलेलं गवत मी स्वतः जास्त चांगलं उगवलेलं पाहिलं आहे.

११. अहवाल आणि खुणा

अहवाल मराठीत, दहा पानांच्या आत. पहिल्या पानावर निकष, मोजलेला आकडा आणि निर्णय: पास, नापास किंवा अनिर्णित. प्रत्येक चौकटीचा दिवाळीतला आणि मे महिन्यातला फोटो शेजारी शेजारी, एकाच दिशेने काढलेला. मूळ तक्ते जोडा, पेन्सिलने लिहिलेलेच. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक जैवविविधता नोंदवहीसोबत, एक खाण व्यवस्थापनाला पोच घेऊन.

चौकटीच्या कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकू नका, त्या भंगारात जातात. दोन कोपऱ्यांवर हातभर खोल दगड पुरा, त्याच्या माथ्यावर पांढरा रंग लावा, आणि जीपीएसच्या आकड्यासोबत जवळच्या ठळक खुणेपासून किती पावलांवर ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्याऐवजी दुसरंच कुणी येईल, आणि त्याला नेमकी तीच जागा सापडायला हवी.